दिवस गेले, पण किती?

मराठीने गरोदरपण पहिल्यापासूनच जमाखर्चाच्या वहीत मांडलं आहे. बाईला दिवस जातात. मग आजूबाजूच्या बायका हळूच विचारतात, ‘कितवा?’ सातव्यात डोहाळजेवण, नववा लागला की घरच्यांचे फोन रात्रभर उशाशी, आणि शेवटी एकदाचे दिवस भरतात. दवाखान्यात तर थेट ‘तारीख’च मिळते, कोर्टात मिळते तशी, आणि ती पाळली जाईल याचा भरवसाही साधारण तेवढाच. इतकी मोजदाद करणाऱ्या भाषेत एका प्रश्नापाशी मात्र सगळ्यांची बोटं अडखळतात. दिवस गेले, ते नेमके कोणत्या दिवशी?

डॉक्टर हा प्रश्न आडवळणाने विचारतात. ‘शेवटची पाळी कधी आली होती?’ बाई नवऱ्याकडे बघते. नवरा भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या पोस्टरकडे बघतो. त्याला घराच्या हप्त्याची तारीख पाठ असते, गाडीच्या सर्व्हिसिंगची असते, पण इथे तो ‘हे खातं माझ्याकडे नाही’ अशा चेहऱ्याने बसतो.

पुरावा असतो तो घरी, स्वयंपाकघराच्या दाराआड टांगलेला. १९७३ साली ‘कालनिर्णय’ निघालं तेव्हापासून त्या तारखांच्या चौकटींत मराठी घराचा अख्खा कारभार मावत आला आहे. दूध घेतलं नाही त्या दिवशी फुली. सिलिंडर लावला त्या दिवशी ‘गॅ’. मावशींचा खाडा झाला त्या दिवशी ‘खा’. आणि मधूनच कुठेतरी एक बारीक ठिपका, ज्याला अक्षर नाही, कारण कॅलेंडर पाहुण्यांनाही दिसतं. नवरा कित्येक वर्षं तो ठिपका इस्त्रीवाल्याचा समजत असतो. ज्यांची पाळी घड्याळासारखी येते, त्यांचे ठिपके पानामागून पान एकाच ओळीत सरकताना दिसतात. ज्यांची अनियमित, त्यांच्या भिंतीवर सगळ्यात नियमित गोष्ट म्हणजे सिलिंडर.

ठिपका नसेल तर सणवार मदतीला येतात. ‘गौरी जेवल्या ना डॉक्टर, सगळा स्वयंपाक मीच केला. सोळा भाज्या. आणि विसर्जनाच्या दिवशी बाजूला बसले.’ तारखेपेक्षा हे उत्तर जास्त खात्रीचं. पाळी आली म्हणून काय काय हुकलं, ते बाई विसरत नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू हुकलं, नणंदेच्या साखरपुड्यात कोपऱ्यात खुर्ची टाकून बसावं लागलं, पंढरपूरला जाऊन नामदेव पायरीवरूनच परत फिरावं लागलं. बाजूला बसवण्याची रूढी जितक्या लवकर जाईल तितकं बरं. पण जाताना ती डॉक्टरांचं एक हुकमी साधनही घेऊन जाणार, हेही खरं.

या साधनातही एक खोट आहे. भाद्रपद जवळ आला की औषधांच्या दुकानात एका विशिष्ट गोळीला मागणी चढते. चिठ्ठी बायको लिहून देते, नवरा काउंटरवर चिठ्ठी उलटी करून सरकवतो. पाळी पुढे ढकलायची गोळी. आत असतं नॉरएथिस्टेरॉन हे संप्रेरक. गोळ्या बंद केल्या की दोन-तीन दिवसांत रक्तस्राव होतो. म्हणजे गौरींना निर्विघ्न पुरणपोळी मिळते आणि विसर्जनानंतर पाळी येते, ती शरीराच्या वेळापत्रकाने नव्हे, गोळ्यांच्या पाकिटाने ठरवलेली. दवाखान्यात बाई ती तारीख अगदी ठामपणे सांगते. गोळीचं सांगत नाही, कारण गोळीचं कुणी विचारलेलंच नसतं.

तर अशी मिळालेली तारीख डॉक्टर एका गोल पुठ्ठ्याच्या तबकडीवर लावतात. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी या तबकड्या पेन-कॅलेंडरांबरोबर फुकट वाटतात आणि दोन कंपन्यांच्या तबकड्या एकमेकींशी एखाद्या दिवसाने भांडू शकतात. पण तबकडीच्या पोटात सूत्र एकच, आणि त्यामागचा माणूसही एकच: जर्मनीतल्या हायडेलबर्गचे प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले (१७७८–१८५१). शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्या, तीन महिने मागे जा, सात दिवस पुढे या. झाली तारीख. नेगेलेंनी हा हिशोब त्यांच्या आधीच्या शतकातल्या लायडनच्या हेर्मान बूरहाव्ह यांच्याकडून घेतला होता. सात दिवस मिळवायचे ते पाळी सुरू झाली त्या दिवसापासून की संपली त्या दिवसापासून, हे मुळात पुरेसं स्पष्ट नव्हतं, म्हणून पुढे त्यावरही वाद झाले. दोनशे वर्षं जग ज्या सूत्रावर पाळणे विणत बसलं, त्याच्या पहिल्याच पायरीवर हा घोळ!

नऊ महिने सात दिवस. आपल्याकडे ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणतात. म्हणजे हायडेलबर्गचे प्राध्यापक आणि वाईची आजी यांच्यात फरक दोन दिवसांचा. पण आजीचे महिने इंग्रजी नव्हेत, तिथीचे. तिथीने नऊ महिने म्हणजे जवळजवळ २६६ दिवस, आणि गर्भधारणेपासून जन्मापर्यंतचा काळ पाठ्यपुस्तकं आज नेमका २६६ दिवसांचाच धरतात. चंद्राने काटा इतका जवळ आणून ठेवावा याचं कौतुकच करायला हवं. सुश्रुत मात्र जास्त सावध निघाला. त्याच्या संहितेत प्रसूतीला नववा, दहावा, अकरावा, बारावा असे चार महिने दिले आहेत. एवढी ऐसपैस मुदत दिल्यावर चुकायचा प्रश्नच नाही. (आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियात १८८६ साली जो प्रबंध लिहिला, त्याचा विषयही आर्य हिंदूंचं प्रसूतिशास्त्र हाच होता.)

नेगेलेंच्या सूत्रात एक बाई दडलेली आहे. तिला बरोबर २८ दिवसांनी पाळी येते. चौदाव्या दिवशी तिचं बीज बाहेर पडतं. अशा दहा पाळ्यांचा काळ म्हणजे २८० दिवस, चाळीस आठवडे, आणि तेवढे झाले की ती बॅग भरून रिक्षात बसते. ही आदर्श बाई सगळ्या तबकड्यांवर राहते, सगळ्या मोबाइल ॲपमध्ये राहते. फक्त चाळीत, सोसायटीत किंवा वाडीवर ती फारशी कुणाला भेटलेली नाही.

ती किती दुर्मीळ आहे, हे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात कळलं. १९८०च्या दशकात तिथल्या २२१ बायकांनी, मूल हवं म्हणून साधनं बंद केल्यापासून, रोज सकाळची पहिली लघवी बाटलीत भरून शास्त्रज्ञांसाठी साठवली. अशा बाटल्या आपल्याकडे घरच्या फ्रीजमध्ये ठेवायच्या म्हटल्या असत्या तर विज्ञान तिथेच थांबलं असतं. त्या बाटल्यांमधली संप्रेरकं मोजून ॲलन विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी २००० साली लिहिलं: पुस्तकं सांगतात त्या दहाव्या ते सतराव्या दिवसांच्या आत फलनाचे सगळे दिवस बसले, अशा बायका सुमारे ३० टक्केच होत्या. बाकीच्यांतल्याही बऱ्याच जणी पाळी नियमित असलेल्या. अनियमितांनी तर पुस्तक कधीच मिटून ठेवावं.

अनियमितपणाचीही एक शिस्त असते, आणि ती जपानमधल्या निगाता शहरातल्या क्यूसाकू ओगिनो या डॉक्टरने १९२४ साली मांडली. बीज बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १२ ते १६ दिवस आधी. पाळी २८ दिवसांची असो की ४५ दिवसांची, हा मागचा तुकडा फारसा हलत नाही. लांबतो-आखडतो तो पुढचा. मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या गाडीसारखं आहे हे. कर्जतला इंजिन लागलं की पुढच्या घाटाला लागायचा तो वेळ लागतो. गाडीला तास-दीड तासाचा उशीर होतो तो ठाण्या-कल्याणच्या बाजूला कुठेतरी, सिग्नलला उभं राहून. पस्तीस दिवसांची पाळी असेल तर बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास, पंचेचाळीस दिवसांची असेल तर एकतिसाव्या. हिशोब चोख आहे. अडचण एवढीच, की तो पुढच्या पाळीवरून उलटा मोजायचा, आणि गरोदर बाईला पुढची पाळी आलेलीच नसते. आली असती तर हा हिशोब करायची वेळच आली नसती.

आता उदाहरण म्हणून २०२५च्या गौरी घेऊ. गौरी जेवल्या १ सप्टेंबरला, विसर्जन २ तारखेला, आणि समजा आपली सून त्याच दिवशी बाजूला बसली. गोळी घेतलेली नाही. तिच्या मागच्या तीन पाळ्या ३८, ५२ आणि ४१ दिवसांनी आलेल्या. तबकडी म्हणते, ९ जून २०२६. पण बीज कितव्या दिवशी सुटलं असेल? अडतीसचा हिशोब धरला तर चोविसाव्या, बावन्नचा धरला तर अडतिसाव्या दिवशी. आदर्श बाईच्या चौदाव्या दिवसापेक्षा दहा ते चोवीस दिवस उशिरा. म्हणजे खरी तारीख १९ जून ते ३ जुलैमध्ये कुठेही.

इथे नवऱ्याची आजी पंचांग घेऊन मैदानात उतरते. भाद्रपद शुद्ध दशमीपासून नऊ महिने, म्हणजे ज्येष्ठ शुद्ध दशमी, वर नऊ दिवस. पण २०२६ला ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. अधिक महिना मोजायचा की नाही? मोजला तर जूनच्या पहिल्या आठवड्यात बाळ यायला हरकत नाही. पण अधिकात शुभ काही करत नाहीत, मग तो बाळाने तरी का मोजावा, असं म्हणून आजी निज ज्येष्ठाची दशमी धरते आणि जुलैच्या तीन-चार तारखेला पोचते. सगळे हसतात. आणि पाळी जर बावन्न दिवसांच्या चालीने चालली असेल, तर त्या खोलीतली सगळ्यात अचूक तारीख आजीचीच ठरते, साफ चुकीच्या कारणाने.

मग सोनोग्राफी. २५ नोव्हेंबर, पाळीवरून बरोबर बारा आठवडे. पडद्यावर बाळ डोक्यापासून कुल्ल्यापर्यंत मोजतात. बारा आठवड्यांचं बाळ साधारण साडेपाच सेंटिमीटर भरायला हवं, भरतं साडेतीन. रिपोर्टवर येतं दहा आठवडे दोन दिवस. घरात शांतता. ‘वाढ कमी आहे का हो?’ सासूबाई विचारतात. सुनेच्या डोळ्यांत पाणी. आई फोनवरून खजूर, अंजीर आणि शतावरी सुचवते. खरं तर बाळ अजिबात मागे पडलेलं नसतं, त्याने सुरुवातच बारा दिवस उशिरा केलेली असते. मधल्या बारा दिवसांत ज्या बाळाची सगळे काळजी करत होते, ते बाळ नव्हतंच.

हे मोजमाप ग्लासगोची देणगी. तिथल्या इयान डोनाल्ड यांनी १९५८ साली ध्वनिलहरींनी पोटातलं चित्र काढायची पद्धत जगापुढे ठेवली. जहाजबांधणीच्या त्या गावात धातूतले दोष शोधायचं जे यंत्र होतं, त्याच्यावरून ही कल्पना सुचलेली. १९७३ साली त्याच शहरात ह्यू रॉबिन्सन यांनी डोकं ते कुल्ला ही लांबी मोजून वय सांगायची रीत दिली. पहिल्या तीन महिन्यांत बाळं विलक्षण एकसारखी वाढतात. बाप सहा फुटी असो की सव्वापाच, दहाव्या आठवड्यात सगळी पोरं सारख्याच मापाची. दिवसाला साधारण एक-दीड मिलिमीटर. म्हणून चूक पाच-सात दिवसांच्या आत राहते. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचा नियमही सरळ आहे: नवव्या ते चौदाव्या आठवड्यादरम्यान सोनोग्राफी आणि पाळी यांच्यात सात दिवसांहून जास्त फरक आला, तर पाळीची तारीख सोडा, सोनोग्राफीची धरा. आपल्या सुनेच्या बाबतीत तारीख ठरली २१ जून. जागतिक योग दिन. सासऱ्यांना ही तारीख मनापासून आवडली.

आणि इथे गोष्ट थांबायला हवी होती. पण पाचव्या महिन्यात पुन्हा सोनोग्राफी होते, आठव्यात पुन्हा, आणि प्रत्येक वेळी यंत्र इमानेइतबारे नवी तारीख छापतं. फाइलमध्ये आता चार तारखा. नवरा त्या एक्सेलमध्ये घालून सरासरी काढतो. डॉक्टर सांगून थकतात की पहिली सोनोग्राफी झाल्यावर तारीख बदलायची नसते. पाचव्या महिन्यापुढे पोरं आपापल्या घराण्यावर जायला लागतात, कुणी लांब मांडीचं, कुणी मोठ्या डोक्याचं, आणि आठव्या महिन्यातल्या मापावरून काढलेल्या वयात तीन आठवड्यांचाही फरक पडू शकतो. शिवाय यंत्रातली सूत्रं बहुतेक ठिकाणी ह्यूस्टनच्या फ्रँक हॅडलॉक यांची, १९८०च्या दशकातली, अमेरिकी बाळांवर बेतलेली. टेक्सासच्या मापाने साताऱ्याचं पोर मोजलं की ते थोडं बारीक दिसणारच. आयआयटी मद्रास आणि फरीदाबादची टीएचएसटीआय ही संस्था यांनी गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयात आलेल्या गरोदर बायकांच्या नोंदींवरून ‘गर्भिणी-जीए२’ नावाचं भारतीय सूत्र तयार केलं, ते २०२४ साली जाहीर झालं. उशिरा दवाखान्यात येणाऱ्या, पाळीची तारीख न आठवणाऱ्या बायकांसाठी अशा सूत्राची गरज फार मोठी आहे. आशाताईंच्या हातातल्या माता-बाल संरक्षण कार्डावर शेवटच्या पाळीच्या तारखेला जागा असते. ‘बहुतेक आषाढात’ असं लिहायला नसते.

चाळीस आठवड्यांच्या या हिशोबात आणखी एक गंमत आहे, आणि नव्या लग्नाच्या घरात ती गंमत राहत नाही. लग्नाचा मुहूर्त काढताना गुरुजींच्या पंचांगाइतकंच नवरीचं पंचांगही बघतात. मुलीची आई हळूच सांगते, ‘आठ-नऊ तारखेची तिची अडचण आहे, त्याच्या पुढचं बघा.’ म्हणून लग्न ठरतं २० मेला. पाळी आली ८ मेला, दिवस गेले लग्नानंतर लगेच. ३ जुलैला डॉक्टर आनंदाने सांगतात, ‘आठ आठवडे झाले.’ सासूबाईंच्या मनातलं कॅलेंडर टराटर उलटतं. लग्नाला तर सव्वासहाच आठवडे झालेत!

डॉक्टरांना मग घसा साफ करून सांगावं लागतं, की पहिले दोन आठवडे बाळ नसतंच. पाळी सुरू झाली त्या दिवसापासून घड्याळ लावायची पद्धत आहे, कारण तोच एक दिवस बाईला डोळ्यांनी दिसतो. म्हणजे वैद्यकशास्त्राच्या दप्तरी प्रत्येक बाई पहिले दोन आठवडे गरोदर नसतानाच गरोदर असते. सरकारी खात्यातच शोभावी अशी ही नोंद. आणि नवरीची पाळी अनियमित असली तर विचारूच नका. समजा शेवटची पाळी २० एप्रिलला आली, पुढची ठरलेल्या वेळी आलीच नाही आणि लग्न निर्विघ्न पार पडलं. आता त्याच ३ जुलैला कागदावर साडेदहा आठवडे. कागदाचं ऐकलं तर गर्भ साखरपुड्याच्या सुमाराचा. अशा वेळी सोनोग्राफीचा कागद बाळाच्या वयाचा राहत नाही, सुनेच्या चारित्र्याचा दाखला होतो. सव्वासहा आठवड्यांच्या संसारात तिने असा दाखला हजर करावा लागणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे, आणि ती लाज सुनेची नव्हे.

याउलट गोठ्यात बघा. तिथे असला घोळ नाही. दूध उत्पादक सांगतो, ‘गाय नऊ महिने नऊ दिवस, म्हैस दहा महिने दहा दिवस,’ आणि तो ते मोजतो गाय भरवली त्या दिवसापासून. पशुधन पर्यवेक्षक मोटारसायकलवर नायट्रोजनची टाकी लावून येतो, कृत्रिम रेतन करतो आणि तारीख कार्डावर लिहून देतो. एकवीस दिवसांनी गाय पुन्हा माजावर आली तर ‘उलटली’ म्हणायचं आणि नवी तारीख टाकायची. नाही आली, तर गाभण आहे का ते तपासून घ्यायचं. गर्भधारणेची तारीख निर्विवाद, साक्षीदारासह. माणसांत एवढी खात्री फक्त टेस्ट ट्यूब बेबीवाल्यांना असते.

‘आम्हाला माहीत आहे कधी ते,’ असं म्हणणारी जोडपीही असतात. महाबळेश्वरला गेलो होतो, त्याच दोन दिवसांत. डॉक्टर मान डोलावतात, पण शरीर तितकं तत्पर नसतं. शुक्रजंतू आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, बीज मात्र सुटल्यावर जेमतेम दिवसभर टिकतं. वेण्णा लेकवर नाव वल्हवून आलेली मंडळी घरी पोचली, कपडे धुतले गेले, सोमवारी दोघं ऑफिसलाही गेली, आणि गर्भधारणा झाली बुधवारी दुपारी, बायको आढावा बैठकीत बसलेली असताना. पोराचं नाव महाबळेश्वरावरून ठेवायचं की बैठकीवरून, हा घरचा प्रश्न.

कायद्याने तर हा सगळा गोंधळ १८७२ सालीच एका आकड्यात बांधून टाकला. भारतीय पुरावा कायद्याचं कलम ११२: विवाह संपल्यापासून २८० दिवसांत मूल जन्मलं आणि आईने दरम्यान पुन्हा लग्न केलेलं नसलं, तर ते त्या विवाहातलंच औरस मूल समजायचं. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम लागू झाला, कलमाचा आकडा ११६ झाला, दिवसांचा २८०च राहिला. पण डॉक्टर हे दिवस पाळीपासून मोजतात आणि कायदा विवाह संपल्यापासून, म्हणजे कायदा बाळाला डॉक्टरांपेक्षा दोन आठवड्यांची जास्त सवलत देतो. कायद्याने कुणाला विनाअर्ज सवलत दिल्याची उदाहरणं फार नाहीत. प्रसूती रजेच्या कायद्यात मात्र तो लगेच भानावर येतो: २०१७च्या दुरुस्तीनंतर २६ आठवडे मिळतात, पण प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी त्यातले जास्तीत जास्त आठच. ती अपेक्षित तारीख तीन आठवडे चुकली असेल, तर बाई तेवढे दिवस पोट सांभाळत लोकलच्या दाराशी उभी राहते किंवा घरी बसून रजा फुकट घालवते.

बरं, समजा सगळं जमलं. पाळी आठवली, सोनोग्राफी वेळेत झाली, बीज सुटल्याचा दिवसही सापडला. तरी काय होतं? नॉर्थ कॅरोलायनातल्या त्या बाटल्यांकडे संशोधक पुन्हा वळले. बीज नेमकं कोणत्या दिवशी सुटलं हे संप्रेरकांवरून ठाऊक असलेली १२५ बाळंतपणं घेतली, मुदतीआधी झालेली बाळं बाजूला काढली, आणि २०१३ साली निकाल लिहिला: गर्भारपणाच्या लांबीत तरीही ३७ दिवसांचा फरक. पाच आठवड्यांहून जास्त. सुरुवात अचूक ठाऊक असूनही. सांगितलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच. पितृपक्ष, अमावास्या, मूळ नक्षत्र टाळून सिझेरियनचा मुहूर्त काढणारे या आकड्यात नाहीत. त्यांची बाळं वेळेवर येतात, कारण त्यांना आणलेलं असतं.

या ३७ दिवसांचा खरा फटका बसतो तो बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या आईला. न्यू जर्सीत एडिसनला लेक असते, पाळी शाळेपासूनच बेभरवशाची. तिथली पहिली भेट मिळायच्या आधी लेकीने ॲपमध्ये तारीख टाकून ईमेल केलेला असतो, आणि स्वस्तात मिळतं म्हणून वडिलांनी तिकीटही काढून टाकलेलं असतं. सोनोग्राफीनंतर तारीख अडीच आठवडे पुढे जाते. तिकीट मात्र नॉन-रिफंडेबल. पर्यटक व्हिसावर एका खेपेला साधारण सहा महिने राहता येतं, तेवढीच काय ती सोय.

तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा. एकीत बाळाची दुपटी, झबली, टोपरी, मेतकूट, बाळंतशेपा, ओवा, बाळघुटीचं साहित्य. दुसरीत डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळिवाचे लाडू, तीन स्टीलचे डबे, झाकणांना चिकटपट्टी. आई विमानतळावरून थेट स्वयंपाकघरात शिरते. पहिल्या आठवड्यात बाळ येत नाही. दुसऱ्या आठवड्यात जावई रात्री उशिरापर्यंत मीटिंगा करत असतो, म्हणून आई त्याच्या बशीत एक लाडू ठेवते. तिसऱ्या आठवड्यात तो स्वतःच डबा उघडायला शिकतो. लेक म्हणते, ‘अगं, ते माझ्यासाठी आहेत ना?’ आई म्हणते, ‘तुला आत्ता नाही चालत, बाळंत झाल्यावर.’ चौथ्या आठवड्यात, सोनोग्राफीच्याही तारखेला नऊ दिवस उलटल्यावर, पहाटे कळा सुरू होतात. मुलगी होते, तीन किलो शंभर ग्रॅमची.

घरी आल्यावर आई पहिला डबा उघडते. तळाशी दोन लाडू आणि थोडा चुरा. दुसऱ्यात चुराही नाही. जावई बाळाकडे बघत उभा असतो, शर्टाचं खालचं बटण उघडं. आई न बोलता गॅस पेटवते, आणि त्याला इंडियन स्टोअरमधून अर्धा किलो डिंक, खारीक आणि तूप आणायला पिटाळते.